बिनतारी यंत्राचा दुभाष्या

'अ‍ॅपल' या भारतीय दळणवळण उपग्रहाचे एक छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यात आले असेल. बंगळूर येथे उघड्या जागी एक साधी बैलगाडी जुंपलेली आहे आणि तिच्यावर तो उपग्रह ठेवलेला आहे. पाहणारास प्रथम हसू येते. वस्तुतः त्या गाडीची योजना शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक केली होती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यावयाची होती, आणि लोखंडी वाहनावर ती घेतली असता त्या लोखंडाचाच परिणाम लहरींवर होऊन मापे भ्रामक ठरली असती. लाकडी गाडीत हा दोष नव्हता. १९ जून १९८१ रोजी हा उपग्रह एरियान अग्निबाणाने अवकाशात गेला. त्याचा एक सौरपंख उघडला नाही, तरीही दोन वर्षांहून अधिक काळ त्याने काम दिले.

बिनतारी यंत्र नीट चालत नसेल तर दोष यंत्रात आहे की त्याच्या परिसरात, हे आधी वेगळे करावयाचे, ही रीत त्या बैलगाडीमागे होती. आज तिची गरज घरोघरी पडते. एके काळी साधा रेडिओ ठेवावयाचा तरी परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, आणि तेव्हापासून ज्यास आपण वायफाय म्हणतो तो लहानसा प्रेषक-ग्राहक सामान्य गृहस्थाच्या घरात निर्वेधपणे येऊन बसला. त्याच्यावर किती कामे अवलंबून आहेत, हे २०२० च्या टाळेबंदीत बंगळूरइतके क्वचितच दुसऱ्या शहराने अनुभवले असेल.

नोव्हेंबर महिना आहे आणि मल्लेश्वरमसारख्या भागात एक सेवानिवृत्त गृहस्थ एकटे राहत आहेत, अशी कल्पना करावी. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा आहे. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेमुळे तो घरबसल्या संगणकावरून देता येतो, म्हणून गृहस्थ निश्चिंत आहेत. परंतु रात्री संगणकाने आपणहून काही नव्या सुधारणा उतरवून घेतल्या, आणि सकाळी पाहावे तो वायफायची खूणच पडद्यावरून नाहीशी झालेली. यंत्र बाजारात नेल्यास कोणी सांगेल की कार्ड गेले. गेलेले असेलही, पण एक दिवसापूर्वीपर्यंत चाललेले कार्ड नेमके सुधारणेच्या रात्रीच जळावे, हा योगायोग जरा अतीच होतो. संशय प्रथम दुसऱ्यावर घ्यावयास हवा.

तो दुसरा कोण, हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकावणे भाग आहे. मांडीवरच्या संगणकात पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे असे एक कार्ड असते. त्यातून निघालेल्या दोन बारीक तारा पडद्याच्या कडेने वर जातात व तेथे अँटेनाचे काम करतात. ज्या संगणकात असे कार्ड नाही त्यास अंगठ्याएवढे डोंगल बाहेरून लावता येते; बंगळुरात सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एस. पी. रोडवर, ते काही शे रुपयांत मिळते. यासच वायफाय अ‍ॅडॉप्टर म्हणावयाचे. अ‍ॅडॉप्टर बनविणाऱ्या कंपन्या अनेक, त्यांच्या चिप अनेक, आणि प्रत्येक चिपची आतली भाषा निराळी. उलटपक्षी विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली आपल्या एका ठरलेल्या भाषेत आज्ञा सोडते. या दोहोंमध्ये बसून एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून देणारा जो छोटासा कार्यक्रम, तो ड्रायव्हर. नाव चालकाचे असले तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे.

बंगळुरास दुभाष्यांचे अप्रूप नाही. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य तेथे होते, आणि जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त त्यांच्या दरबारी नाना भाषांचे कवी आलेले दिसतात. अशा दरबारी दुभाष्याने एक शब्द चुकीचा सांगितला तर राजाही शहाणा आणि वकीलही शहाणा असून बोलणे फिसकटावे, तशीच स्थिती संगणकात होते. कार्ड धड असते, कार्यप्रणाली धड असते. नव्या सुधारणेबरोबर दुभाष्या तेवढा बदललेला असतो, किंवा दुभाष्या तोच राहून दरबारची भाषा बदललेली असते.

तथापि प्रत्येक बिघाडाचे खापर त्याच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. म्हणून पहिली परीक्षा अगदी सोपी असावी. संगणक जेथे ठेवला आहे तेथेच भ्रमणध्वनी हाती धरून, त्याचे मोबाइल डेटाचे बटण बंद करून, घरच्या वायफायवर एखादे पान उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर संगणक निर्दोष आहे. दोष राउटरचा किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचा. भ्रमणध्वनी चालतो आणि संगणक चालत नाही, असे दिसले तरच पुढे जावे.

पुढचा प्रश्न असा की संगणकास कोणाचे तरी जाळे दिसते काय? शेजाऱ्यांची नावे दिसतात आणि आपलेच दिसत नाही, हा प्रकार फसवा असतो. जुने अ‍ॅडॉप्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू शकते, आणि राउटर ५ गिगाहर्ट्झवर बोलत असेल तर त्याच्या दृष्टीने ते जाळे अस्तित्वातच नाही. याहून सूक्ष्म एक प्रकार आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या वापरता येतात. अमेरिकेच्या बेताने बसविलेले अ‍ॅडॉप्टर सामान्यतः पहिल्या ११ च ऐकते. राउटरने आपणहून १२ वी किंवा १३ वी वाहिनी निवडली की परदेशातून भेट म्हणून आलेला उत्तम संगणक एकाएकी बहिरा होतो आणि त्याच खोलीतला भ्रमणध्वनी सुखेनैव चालतो. राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ वर पक्की केली की काम भागते. या तीन वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत, म्हणून दाट वस्तीत त्या तशाही बऱ्या.

जोडणी झाली असे दिसते पण पान उघडत नाही, हा प्रकार वेगळा. अशा वेळी संगणकास मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे, असे समजावे. पत्ता बरोबर असून सुरक्षित संकेतस्थळे तेवढी नाकारली जात असतील तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहण्यास विसरू नये. आतील लहानशी बॅटरी संपून संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे गेले, की त्या स्थळांची प्रमाणपत्रे त्यास अवैध वाटू लागतात. लोक ड्रायव्हर बदलीत बसतात आणि दोष असतो तारखेचा.

मल्लेश्वरमच्या गृहस्थांची तक्रार या दोन्हींहून निराळी: खूणच नाहीशी झालेली. येथे विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ही संगणकात असलेल्या यंत्रांची हजेरीपटासारखी यादी आहे, आणि तीत नेटवर्कच्या सदराखाली अ‍ॅडॉप्टरचे नाव कोणत्या स्थितीत आहे यावर पुष्कळसे ठरते. नावापुढे खाली वळलेला बाण असेल तर ते कोणी तरी बंद केले आहे, एवढेच. ते तेथेच चालू करता येते. पिवळा त्रिकोण असेल तर त्या नावावर दोनदा टिचकी मारून आत दिलेला क्रमांक वाचावा. २८ म्हणजे दुभाष्या नेमलेलाच नाही. १० म्हणजे यंत्र सुरूच होऊ शकले नाही. हा क्रमांक सुधारणेच्या दुसऱ्या दिवशी दिसला तर दुभाष्यावरचा संशय बळावतो. अशा वेळी त्याच खिडकीत 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते दाबले की पूर्वीचा दुभाष्या पुन्हा कामावर रुजू होतो. गृहस्थांचे काम बहुधा येथेच व्हावे.

नाव यादीत मुळीच नसेल तर मात्र प्रकरण गंभीर. पण तेव्हाही दुकान गाठण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत 'शट डाऊन' केल्याने संगणक पुरता बंद होतोच असे नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून तो आपली बरीचशी अवस्था जपून ठेवतो आणि सकाळी तीच परत आणतो, बिघाडासह. 'रीस्टार्ट' केले असता ती अवस्था टाकून देऊन तो मुळापासून सुरू होतो. बंद करून चालू करणे आणि रीस्टार्ट करणे या दोहोंत फरक आहे, हे कोणास सांगूनही पटत नाही. पण तो आहे. एवढ्याने नाव परतले नाही, तर कार्ड खोबणीतून हलले असेल किंवा खरोखरच गेले असेल, आणि मग कारागिराकडे जाण्यास हरकत नाही.

नवा ड्रायव्हर आणावयाचा झाला तर एक कोडे पुढे येते: आंतरजाल सुरू करण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणण्यासाठी आंतरजाल हवे. भ्रमणध्वनी यूएसबी तारेने संगणकास जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' चालू केले की हे कोडे सुटते, कारण संगणक त्यास तारेने आलेले जाळे समजतो आणि वायफाय कार्डाची त्यास गरज उरत नाही. ड्रायव्हर कोणता, हे संगणकाच्या नावावरून नेहमीच कळत नाही. एकाच नमुन्याच्या दोन संगणकांत दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे असू शकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर आयडी' म्हणून जो सांकेतिक मजकूर असतो त्यात कार्डाच्या चिपचे कुलनाव सापडते. इंटेलचे कुलनाव ८०८६ आहे. १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच क्रमांक त्या कंपनीने येथे धारण केला आहे. हे कुलनाव पाहून ड्रायव्हर संगणकाच्या किंवा चिपच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर आम्ही शोधून देतो' अशी जाहिरात करणारे जे कार्यक्रम फुकट म्हणून मिळतात, त्यांच्यापैकी कित्येक पुढे पैसे मागतात आणि काही सरळ उपद्रवी असतात.

दुभाष्याची भाषाच कंपनीने गुप्त ठेवली तर काय होते, याचा अनुभव लिनक्स वापरणाऱ्यांनी अनेक वर्षे घेतला. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि पुढे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांच्या हाती पोहोचविण्यात पुढाकार घेतला. २००१ पासून २०१२ पर्यंत या मोकळ्या कार्यप्रणालींचे मेळावे बंगळुरात भरले, त्यांच्यामागेही तेच होते. २०१३ साली त्यांचे निधन झाले. त्या काळी लिनक्स बसविणाऱ्याची पहिली अडचण पुष्कळदा वायफायचीच असे. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपची माहिती मिळत नव्हती, म्हणून स्वयंसेवकांनी तिचे वर्तन बाहेरून न्याहाळून ड्रायव्हर लिहिला आणि तो २००६ साली लिनक्समध्ये समाविष्ट झाला. एखाद्या लिपीचा कोश नसताना शिलालेख वाचण्यासारखेच हे काम होते. अथेरॉस कंपनीने २००८ साली आणि ब्रॉडकॉमने २०१० साली आपल्या नव्या चिपचे ड्रायव्हर स्वतःहून खुले केले, तेव्हा ही अडचण बरीच ओसरली. तरीही एक मेख उरते. ड्रायव्हर खुला असला तरी कार्डाच्या आत चालणारा फर्मवेअर नावाचा मजकूर कंपनीचाच असतो, आणि तो काही लिनक्स वितरणांत सोबत येत नसे. डेबियनने तो आपल्या अधिकृत संचात घातला तो जून २०२३ मध्ये. त्याआधीच्या डेबियनवर कार्ड ओळखले जाते पण चालत नाही, असे दिसल्यास बहुधा फर्मवेअरच गैरहजर असतो.

आता परिसराचे दोष. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, हे अनेकांस ठाऊक आहे. दूध तापत असताना जोडणी तुटते ती त्यामुळे. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेला शत्रू संगणकालाच चिकटलेला असतो. यूएसबी ३ या जलद जोडणीतून उठणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, असे इंटेलने २०१२ साली स्वतःच प्रसिद्ध केले. डोंगलच्या शेजारच्या खोबणीत अशी तबकडी लावली असेल तर जोडणी मंदावते, आणि वापरणारा मात्र ड्रायव्हरवर ड्रायव्हर बदलीत राहतो. हातभर लांबीची साधी यूएसबी तार घेऊन डोंगल तबकडीपासून दूर ठेवले तर पुष्कळ फरक पडतो. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. त्यामुळे वीतभर जागा बदलल्यानेही ऐकू येणे सुधारावे, यात नवल नाही. थोडा वेळ वापर नसला की जोडणी तुटते, अशी तक्रार असेल तर वीज वाचविण्यासाठी अ‍ॅडॉप्टर झोपविण्याची सूट संगणकास दिलेली असते. ती डिव्हाइस मॅनेजरमध्येच काढून घेता येते.

हे सर्व करीत असता एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती कागदावर टिपून ठेवावी. वाहिनी, ड्रायव्हर आणि तबकडीची जागा एकदमच बदलून जोडणी परत आली, तर कशामुळे आली हे कळत नाही, आणि पुढच्या सुधारणेच्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मल्लेश्वरमच्या गृहस्थांचे वायफाय परत आले, तरी दाखला अजून राहिलाच आहे. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्रही यूएसबीलाच लागते, आणि त्यासही स्वतःचा ड्रायव्हर हवा असतो. तो त्या यंत्राच्या उत्पादकाकडून आणून ऑक्टोबरातच बसवून, ठसा नीट उमटतो की नाही हे पाहून ठेवावे. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यासाठी ते काम राखून ठेवू नये.