बाहेर गोळीबार, आत कळा: सिस्टरने दिलेला धीर पेशंटच्या शरीरात नेमकं काय करतो?

आसनगावला सीएसएमटीची लोकल पकडली की साधारण दोन तासांनी शेवटचं स्टेशन येतं. तिथून चालत थोड्याच अंतरावर कामा हॉस्पिटल आहे, खास बायका-मुलांसाठी 1886 साली सुरू झालेलं. शहापूर-मुरबाडकडे बाळंतपणात काही गुंतागुंत निघाली की "पुढे न्या" असं सांगतात. पुढे म्हणजे ठाणे, कळवा, कधी थेट मुंबई. अनोळखी वॉर्ड, घरची माणसं दाराबाहेर आणि जवळ फक्त सिस्टर. अशा वेळी त्या सिस्टरच्या वागण्याने किती फरक पडतो, याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण याच कामा हॉस्पिटलमधलं आहे.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री स्टाफ नर्स अंजली कुलथे यांची ड्युटी गरोदर बायकांच्या वॉर्डात होती. सीएसएमटीवर गोळीबार करून आलेले कसाब आणि त्याचा साथीदार हॉस्पिटलच्या आवारात घुसले. दोन सुरक्षारक्षक मारले गेले, कुलथे यांची एक सहकारी जखमी झाली. त्यांनी वॉर्डाचे जड दरवाजे बंद केले आणि 20 गरोदर बायकांना टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं.

त्यातच एकीला कळा सुरू झाल्या, आणि तिला ब्लड प्रेशरचा त्रास होता. थांबणं शक्य नव्हतं. कुलथे तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने, जिन्यातून प्रसूतिकक्षापर्यंत घेऊन गेल्या. बाहेर स्फोट आणि गोळ्यांचे आवाज चालूच होते. बाळंतपण सुखरूप झालं.

आता यामागचं शास्त्र पाहू. बाई घाबरली की शरीरात अॅड्रेनालिन वाढतं. त्याने ब्लड प्रेशर चढतं आणि गर्भाशयाचं आकुंचन मंदावू शकतं. कळा पुढे सरकायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि ते सुरक्षित वाटत असताना नीट स्रवतं. म्हणजे "मी आहे ना, घाबरू नकोस" हे नुसतं सांत्वन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडच्या सुईणींना हे हार्मोनची नावं माहीत नसतानाही कळत होतं म्हणा!

2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 देशांतल्या 26 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 15 हजारांहून जास्त बायका होत्या. कळांच्या वेळी ज्यांच्यासोबत सतत कुणीतरी होतं, त्यांची सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा घटला आणि बाळंतपणाबद्दल वाईट भावनाही कमी राहिली.

आणि हे किती वर्षं लक्षात राहतं? अमेरिकेतल्या पेनी सिमकिन यांनी 1991 मध्ये 20 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पहिल्या बाळंतपणाला 15 ते 20 वर्षं झाली होती, तरी आठवणी ताज्या होत्या. डॉक्टर-नर्स काय बोलले, कसे वागले हेसुद्धा त्यांना आठवत होतं. आपल्या आजीला विचारून बघा, तीही सांगेल. अर्थात कुणी खेकसलं असेल तर तेही तितकंच लक्षात राहतं.

कुलथे यांनी पुढे कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि 15 डिसेंबर 2022 रोजी त्या रात्रीचा अनुभव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही मांडला.

पण प्रत्येक वॉर्डात शेजारी बसून राहायला सिस्टरला वेळ कुठे असतो? एकीच्या मागे कितीतरी पेशंट असतात. म्हणूनच 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. स्वतः बाळंतपणातून गेलेली, संसर्गजन्य आजार नसलेली नात्यातली बाई आत राहू शकते. तिने उपचारात मध्ये पडायचं नाही, एवढी अट असते. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतिकक्षातल्या आदराच्या वागणुकीवर भर आहे. घरातल्या कुणाची तारीख जवळ आली असेल, तर आई किंवा सासू आत थांबू शकेल का, हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवा.