‘हमारा शहर’ आणि पेण-रोह्याच्या वाड्या

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ (1985) हा माहितीपट मुंबईच्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांविषयी आहे, आणि त्याच्या मुळाशी एक विषम व्यवहार आहे: शहराला स्वस्त मजूर हवे असतात, मात्र त्यांच्या निवाऱ्याचा खर्च कोणीही सोसायला तयार नसतो. भांडवलशाहीत, म्हणजे जमीन, यंत्रे आणि पैसा खासगी मालकीचे असून उत्पादन नफ्यासाठी होते अशा अर्थव्यवस्थेत, शहरातील जमिनीचा भाव तिच्यातून मिळू शकणाऱ्या उत्पन्नावर ठरतो आणि मजुरी त्या भावाच्या जवळपासही पोहोचत नाही. परिणामी इमारत उभारणारा मजूरच तिच्या शेजारी बेकायदा ठरून राहतो.

या चित्रपटामागची घडामोड रायगडकरांना परकी नाही. जुलै 1981 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा आदेश दिला आणि ऐन पावसाळ्यात कुटुंबांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आले. अंतुले स्वतः याच जिल्ह्यातील आंबेत गावचे, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले, आणि तरीही गावात पोट भरत नाही म्हणूनच माणूस मुंबई गाठतो, हे कोकणात घरोघरी ठाऊक असलेले सत्य त्या आदेशात कुठेच नव्हते. या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्यास मुभा दिली. तत्त्व गरिबांच्या बाजूचे आणि निकाल त्यांच्या विरुद्ध, अशी ही दुःखद विसंगती आहे.

पटवर्धनांचा कॅमेरा पाडकामाच्या पथकांसमोर उभा राहतो, अधिकाऱ्यांची आणि सुखवस्तू नागरिकांची मते शांतपणे ऐकून घेतो आणि त्यांच्या लगतच मोडलेल्या झोपडीतून भांडी गोळा करणारी माणसे दाखवतो. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे हे सारे जोडत जाते. चित्रणाने आमचे काय भले होणार, असा जाब खुद्द चित्रपटकर्त्यालाच विचारला जातो, तोही पटवर्धनांनी कापला नाही. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. दूरदर्शनवर हा माहितीपट दाखवला जावा यासाठी चार वर्षे न्यायालयात झगडावे लागले.

चित्रपट मुंबईतच थांबतो. त्याचा पुढचा भाग पेण आणि रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्यांत पाहावा लागतो. एकेकाळी खैराच्या झाडापासून कात काढणारा हा आदिवासी समाज जंगल हातचे गेल्यावर भूमिहीन मजूर झाला. पावसाळा संपला की अनेक कुटुंबे ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेली आणि श्रमाने फेडावयाची रक्कम, घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जातात. हिशेब मालकाच्या वहीत राहतो, फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर चढते, आणि 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतरही ही पद्धत संपलेली नाही. महानगराच्या भिंतींना लागणारी वीट थापणारे हे लोक हंगाम भट्टीशेजारच्या खोपट्यात काढतात आणि परततात त्या वाडीची जमीनही बहुधा दुसऱ्याच्याच नावावर असते.

जमिनीला भाव नव्हता तोवर ही वस्ती मालकाला खुपत नव्हती. आता जानेवारी 2024 मध्ये मुंबईला रायगडशी जोडणारा अटल सेतू खुला झाला आहे, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांत नवे शहर वसवण्याची अधिसूचना निघाली आहे, तिकडे रोह्यात धाटावची औद्योगिक वसाहत जुनीच आहे. भाव चढला की सातबारावर नाव असलेल्याला वाडीखालची जमीन मोकळी हवीशी वाटते, तारेचे कुंपण पडते, पायवाट अडते. 1948 च्या कूळकायद्यात कुळे, शेतमजूर आणि कारागीर यांच्या राहत्या घराखालच्या जागेला संरक्षण आहे, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचा वास सिद्ध करणारा कागद उचलीवर बाहेरगावी असलेल्या कुटुंबाने कोठून आणावा? घरकुल योजनाही याच ठिकाणी अडते, कारण अनुदान मंजूर होण्यासाठी आधी पायाखालची जागा स्वतःची असावी लागते, आणि जागाखरेदीसाठी मिळणारे सरकारी साहाय्य महानगराच्या वेशीवर आलेल्या पेणमधील भावांपुढे तोकडे पडते.