मुंबईत आलेले निर्वासित आणि आपला इतिहासाचा तास

इतिहासाच्या तासाला दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण हिटलरच्या उदयापासून हिरोशिमापर्यंत बहुधा इतक्या त्वरेने उरकले जाते की, नाझी राजवटीने केलेला सुमारे ६० लक्ष ज्यूंचा संहार विद्यार्थ्याच्या वहीत केवळ एक आकडा होऊन उतरतो. आकडा पाठ होतो, उत्तरपत्रिकेत लिहिलाही जातो; परंतु घरदार, व्यवसाय आणि आप्तस्वकीय यांना अंतरून परक्या भूमीवर ज्याला नव्याने उभे राहावे लागले, त्या माणसाची ओळख त्यातून घडत नाही. ही ओळख घडविण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे त्या आपत्तीतून सुटून जी माणसे आपल्याच गावी राहून गेली, त्यांच्या चरित्रापासून धडा सुरू करणे.

इंग्लंडातील सरोवरांच्या प्रदेशात असे अध्यापन चालते. ऑगस्ट १९४५ मध्ये, छळछावण्यांतून जिवंत राहिलेली सुमारे ३०० मुले प्रागहून विमानांनी कार्लाइलनजीक आणण्यात आली आणि विंडरमियर सरोवराजवळच्या काल्गार्थ नामक कामगार-वसाहतीत त्यांची राहण्याची तजवीज झाली. ती वसाहत आज उरलेली नाही. त्या जागेवर आता एक शाळा आहे, आणि विंडरमियर गावच्या ग्रंथालयात त्या मुलांविषयीचे कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. ज्या भूमीवर आपण रोज वावरतो तिथेच ती मुले पुन्हा निर्भयपणे झोपू लागली, हे ज्या विद्यार्थ्याला उमगते, त्याला पोलंडातील आणि जर्मनीतील छावण्या दूरच्या वाटत नाहीत.

असा धडा मुंबईलाही उपलब्ध आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाच्या अध्यापकांना व अंमलदारांना नोकऱ्यांतून काढण्याचे कायदे त्याच वर्षी सुरू झाले; १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले; १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. ज्यांना निसटता आले त्यांतील काही थोडे लोक मुंबईच्या बंदरात उतरले. कार्ल्सबादचा संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ साली येथे आला, पुढे मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आणि पिढ्यान् पिढ्यांनी पहाटे ऐकलेली आकाशवाणीची परिचयधून त्याच्याच नावे सांगितली जाते. बर्लिनचा रुडॉल्फ फॉन लायडन भूशास्त्र शिकून आला आणि कलासमीक्षक झाला. आपल्या सावंतवाडीला सुपरिचित असलेल्या गंजिफांचा तो पुढे नामांकित अभ्यासक ठरला. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लांगहामर स्वतः ज्यू नव्हता, परंतु त्याची पत्नी ज्यू होती. तो 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कलासंचालक झाला. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला, तेव्हा त्या तरुणांची चित्रे पाहणारे, त्यांवर लिहिणारे आणि ती विकत घेणारे जे थोडे रसिक होते, त्यांत लायडन, लांगहामर आणि व्हिएन्नाहून आलेले संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हे अग्रभागी होते.

मात्र हा वृत्तांत आपल्या आतिथ्याच्या गौरवगाथेत विरून जाऊ देता कामा नये. हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकार निर्वासिताच्या चरितार्थाची हमी मागत असे, आणि १९३४ साली मुंबईत स्थापन झालेली ज्यू साहाय्य संस्था अनेकांसाठी ती हमी भरीत असे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच जर्मन पारपत्र बाळगणारा प्रत्येक प्रौढ पुरुष सरकारी दप्तरी शत्रुराष्ट्राचा इसम ठरला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ओस्टन नाझी पक्षाचा सभासद होता; तो पकडला गेला, आणि नाझींपासून जीव घेऊन पळालेले ज्यूही त्याच हुकुमाने पकडले गेले. अहमदनगरच्या छावणीत अनेकांची रवानगी झाली, पुढे सातारा आणि पुरंदर येथेही नजरकैदेच्या छावण्या राहिल्या. चौकशीअंती पुष्कळ निर्वासितांची मुक्तता झाली हे खरे. परंतु छळकाची आणि छळिताची गणना एकाच यादीत करणारी राज्ययंत्रणा कशी असते, हे नगरच्या किंवा साताऱ्याच्या विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून शिकण्याजोगे आहे.

येथे काटेकोरपणाही तितकाच अगत्याचा. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांची कहाणी हृदयद्रावक आहे आणि ती अवश्य शिकवावी. परंतु ते बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियाकडे व मध्य आशियात हद्दपार केले होते. त्यांना ज्यू संहारातून वाचलेले म्हणणे हा दोन्ही दुःखांवर अन्याय होय.

वर्गात हे कसे शिकवावे? निर्वासित येथे येण्यापूर्वी कसा जगत होता, यापासून आरंभ करावा, म्हणजे काय नष्ट झाले ते कळते. विदारक छायाचित्रांनी मुलांना धक्का देऊ नये आणि त्यांच्याकडून कैदी व पहारेकरी यांची सोंगेही करवू नयेत. त्या यातनांचा अनुभव खेळातून मिळत नसतो. त्याऐवजी अर्ज, हमीपत्रे, वर्तमानपत्रांतील जुने लेख असे कागद वाचावयास द्यावेत, आणि हा अर्ज मंजूर करणाऱ्या व फेटाळणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कोणते पर्याय होते, असा प्रश्न विचारावा. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात त्या काळच्या मुंबई सरकारची दप्तरे जतन केलेली आहेत, आणि रस्ता ओलांडून थोडे पुढे गेले की आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे; एका शैक्षणिक सहलीत दोन्ही वास्तू पाहता येतील.

कोकणात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला या भूमीत धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, हा वारसा अभिमानास्पद आहे. तो टिकवावयाचा, तर आश्रयार्थी दारी आल्यावर समाज व सरकार कसे वागतात, याचा विचार करण्याची सवय शालेय वयातच लागली पाहिजे. म्हणून इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला विनंती आहे की, येत्या वर्षी हे प्रकरण शिकविताना ६० लक्षांच्या आकड्याबरोबर आपल्या शहरात येऊन राहिलेल्या एका तरी निर्वासिताचे चरित्र त्यांनी वर्गात अवश्य सांगावे.