चाळिशीनंतरचा व्यायाम: थोडा, पण नित्याचा

चाळिशी ओलांडली की "आता वय झाले" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येऊ लागते. दोन जिने चढताना लागणारी धाप, जमिनीवरून उठताना घ्यावा लागणारा हाताचा आधार, बाजाराची पिशवी घरी आणताना भरून येणारे खांदे, हे सारे आपण वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. या तक्रारींपैकी बराच मोठा भाग वयामुळे नव्हे, तर शरीराचा वापर थांबल्यामुळे निर्माण होतो. वय मागे नेता येत नाही. परंतु वापराअभावी गेलेली शक्ती पुष्कळ अंशी परत मिळवता येते, आणि त्यासाठी महागड्या व्यायामशाळेची किंवा घाम गाळणाऱ्या कसरतींची गरज नसते. मध्यम स्वरूपाचा, परंतु नियमित व्यायाम त्यासाठी पुरेसा ठरतो.

तीन आठवड्यांची विश्रांती आणि तीस वर्षांचे वय

या विधानाला एका प्रसिद्ध वैद्यकीय प्रयोगाचा आधार आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात बेंग्त साल्टिन व त्यांच्या सहकारी संशोधकांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर पूर्ण विश्रांती घ्यायला लावली. श्रमाच्या वेळी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची एकत्रित क्षमता मोजली जाते. विश्रांतीपूर्वी या तरुणांची सरासरी क्षमता मिनिटाला ३.३ लिटर होती. तीन आठवड्यांनंतर ती सुमारे २.४ लिटरवर आली. म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक शक्ती केवळ पडून राहिल्याने गेली होती. त्यानंतर त्यांना व्यायाम देण्यात आला आणि त्यांची क्षमता पूर्वीपेक्षाही वाढली.

तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. ते आता पन्नाशीत पोहोचले होते. त्यांचे सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही त्यांची क्षमता २.९ लिटर होती. याचा अर्थ असा, की तीस वर्षांच्या वयोवृद्धीने जेवढे नुकसान केले नव्हते, त्याहून अधिक नुकसान तरुणपणी तीन आठवड्यांच्या निष्क्रियतेने केले होते.

यापुढचा भाग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. या पन्नाशीच्या गृहस्थांना सहा महिने चालणे, हलके धावणे व जागेवरची सायकल चालवणे असा बेताचा व्यायाम देण्यात आला. सुरुवात अल्प होती; तो क्रमाक्रमाने वाढवत आठवड्याला सुमारे साडेचार तासांपर्यंत नेण्यात आला. वजन थोडेच उतरले, पण क्षमता पुन्हा ३.३ लिटर झाली. विशीत प्रयोगाच्या आरंभी होती तेवढी! मात्र, विशीत व्यायामानंतर जी उंची त्यांनी गाठली होती, तेथे त्यांच्यापैकी कोणीही पोहोचू शकले नाही. पुढील दहा वर्षांत, साठीकडे जाताना, क्षमतेचा उतार अधिक वेगाने झाला, हेही त्याच संशोधनमालेत दिसून आले. वय आपला वाटा घेतेच. परंतु पन्नाशीपर्यंत आपण जे गमावतो, त्यातील बहुतांश आपणच सोडून दिलेले असते.

व्यायामाने शरीरात काय घडते?

नियमित व्यायामाने हृदय प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे वाढतात. डॅलसमधील त्या पाच जणांच्या बाबतीत पन्नाशीत झालेली सुधारणा मुख्यत्वे स्नायूंनी रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरल्यामुळे झाली होती.

दुसरा लाभ रक्तातील साखरेशी निगडित आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता स्वतःकडे ओढून घेतो. आपल्या देशासाठी ही बाब फार मोलाची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांवर चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज किमान अर्धा तास चालणे आणि आहारात सुधारणा, एवढा सल्ला पाळणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. आणि तेही वजनात विशेष घट न होता! महिनाभर चालूनही काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

किती व्यायाम पुरेसा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा अर्धा तास. तो अर्धा तास सलगच हवा असेही नाही. सकाळी पंधरा व सायंकाळी पंधरा मिनिटे चालले तरी हिशेब पूर्ण होतो. पूर्वी दहा मिनिटांहून कमी हालचाल गणतीत धरली जात नसे. नव्या मार्गदर्शनात ती अट उरलेली नाही.

"मध्यम" कशाला म्हणावे, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढला की व्यायाम मध्यम झाला. गाणे सहज म्हणता येत असेल तर पावले उचलावीत. दोन शब्द बोलतानाही दम लागत असेल तर वेग कमी करावा.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असे अनेकांच्या मनावर बिंबले आहे. या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नव्हे, तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. त्या जपानी नावाचा अर्थच "दहा हजार पावलांचा मापक" असा होतो. अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. तेव्हा मोठा आकडा गाठता येत नाही म्हणून घरी बसणे हे सर्वस्वी चुकीचे होय.

"दिवसभर घरकाम करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" असे आपल्या माताभगिनी विचारतात. पाणी वाहून आणणे, वाडीत खणणे, फरशी हाताने घासणे ही श्वास वाढवणारी कामे व्यायामात नक्कीच धरावीत. मात्र ओट्यापाशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम मिळत नाही. आपल्या देशात २०२२ साली निम्म्या प्रौढांना पुरेशी शारीरिक हालचाल घडत नव्हती आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी मांडला आहे. घरातील इतरांनी कामाचा थोडा भार उचलून गृहिणीला अर्धा तास मोकळा करून द्यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

स्नायूंचे बळ विसरू नये

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर घटीचा वेग वाढतो. म्हातारपणी परावलंबित्व येते ते पुष्कळदा या दुर्बलतेतून. खुर्चीतून उठता न येणे, तोल जाणे, पडणे आणि हाड मोडणे ही त्याची परिचित वाट आहे. केवळ चालण्याने ही घट पुरेशी रोखता येत नाही.

बॉस्टन येथे वृद्धांच्या एका शुश्रूषालयात डॉ. मारिया फियाटारोन यांनी केलेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांना देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम देण्यात आला. एकाने तो मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या मांडीचे बळ आठ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांना काठीची गरज उरली नाही. नव्वदीतील स्नायूही हाकेला ओ देत असतील, तर पन्नाशीत उशीर झाला असे कोणी म्हणू नये.

घरच्या घरी हे व्यायाम सहज करता येतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला तळहात टेकून छाती भिंतीकडे नेणे व मागे आणणे, आधाराला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या हळूहळू वर-खाली करणे, एवढे आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी चांगली सुरुवात होते. साठी उलटलेल्यांनी भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सरावही करावा.

आरंभ कसा करावा?

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे चालावे. त्यानंतर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवीत गेल्यास पाचव्या आठवड्यात अर्धा तास पूर्ण होतो. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात तासभर चालणारे बहुधा तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतात.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा आजार असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखर कमी करणारी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर अथवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत आणि पायांना नीट बसणारी पादत्राणे घालावीत. छातीत दुखणे वा दडपण, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर किंवा छातीत धडधड जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ताप असताना विश्रांतीच घ्यावी. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळची लवकरची वेळ निवडावी आणि पाणी पिण्यात हयगय करू नये.

टिकवणे हेच खरे कठीण

व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही. व्यायाम थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांतच मिळवलेली क्षमता ओसरू लागते. तरुणपणी गाजवलेले फुटबॉलचे मैदान किंवा शेतातील कष्ट पन्नाशीत आपल्याला वाचवत नाहीत. या आठवड्यात आपण किती हालचाल केली, हेच शरीर विचारते.

म्हणून व्यायाम दिनक्रमात गुंफावा. रविवारच्या मिस्सेला, बाजारात, स्टेशनवर चालत जाणे शक्य असेल तर दुचाकी घरीच ठेवावी. शेजारचे तीन-चार जण मिळून ठरावीक वेळी निघाले, तर एकाचा आळस दुसऱ्यामुळे दूर होतो. पावसाळ्यात चालणे बंद पडते. त्या दिवसांत घरातील जिना आणि वर सांगितलेले स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. लग्नसराई, आजारपण, पाहुणे यांमुळे खंड पडणारच. खंड पडला म्हणून नियम मोडला असे न मानता दुसऱ्या दिवशी थोड्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

आपल्या आईवडिलांना व्यायामासाठी वेगळी वेळ काढावी लागली नाही. विहिरीचे पाणी, वाडीतील कष्ट आणि पायी केलेले प्रवास यांतच त्यांचा व्यायाम होत असे. यंत्रांनी आपले कष्ट वाचवले, याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्या वाचलेल्या वेळेतील रोजचा अर्धा तास आपल्या शरीरासाठी राखून ठेवला, तर उद्या स्वतःच्या पायांनी चालणे, स्वतःची कामे स्वतः करणे आणि नातवंडांना उचलून घेणे आपल्याला अधिक काळ शक्य होईल.