जॅकलचा नेम चुकला, गिरणगावातला नाही

नायगावच्या एका अभ्यासिकेत अधूनमधून चार वाचक जमतात. कोणी गिरणीतून निवृत्त झालेले, कोणी बँकेत, दोन-तीन मुले स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. एकाने फाऊंटनच्या फुटपाथवरून जुनी प्रत आणलेली होती. फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’. पुस्तक हातोहात फिरले आणि पुढच्या बैठकीत त्यावरच चर्चा रंगली. चर्चा ऐकून मी घरी आलो, पण रात्री झोप लागेना. कारण सांगतो.

कादंबरी १९७१ सालची. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिले म्हणून चिडलेल्या फ्रान्समधल्या ओएएस या गुप्त संघटनेला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा काटा काढायचा असतो. १९६२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ द गॉल यांच्या गाडीवर खरोखरच गोळ्यांचा वर्षाव झाला होता आणि ते बचावले होते. कादंबरी तिथून सुरू होते. संघटना एक परदेशी भाडोत्री मारेकरी ठरवते. त्याचे टोपणनाव जॅकल, म्हणजे कोल्हा. मेलेल्या मुलाच्या नावावर पासपोर्ट काढणे, कुबडीत लपेल अशी बंदूक बनवून घेणे, जंगलात कलिंगड टांगून नेम जुळवणे, हे सारे लेखकाने असे लिहिले आहे की वाचक मारेकऱ्याच्या खांद्यावर बसून प्रवास करतो.

आमच्या मंडळींची मते ऐका. बँकवाले म्हणाले, ‘काय ते प्लॅनिंग! आपल्या माणसात असा काटेकोरपणा पाहिजे.’ परीक्षेवाला एक मुलगा म्हणाला, ‘सर, शेवटच्या पानांत मला वाटत होतं, लागू दे नेम.’ दुसरा हसून म्हणाला, ‘द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले हे मला माहीत होतं. तरी छाती धडधडत होती.’ एका गिरणीवाल्या काकांनी मात्र पुस्तक बंद करून विचारले, ‘बाबांनो, मरणारा माणूस कोण होता, त्याच्याबद्दल कोणी काहीच का बोलत नाही?’

वाचकहो, खरे सांगतो, मीसुद्धा पहिल्यांदा ही कादंबरी वाचली तेव्हा जॅकलच्याच बाजूने श्वास रोखला होता. लेखकाची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. पण काकांचा प्रश्न मनातून जाईना. कारण ही चर्चा चालली होती ती जागा पॅरिसमध्ये नव्हती, नायगावात होती. येथून चालत जाता येईल एवढ्या अंतरात राजकीय खून झाले आहेत, शिजले आहेत. त्यांच्याविषयी त्या बैठकीत एकही शब्द निघाला नाही.

५ जून १९७०. लालबागमध्ये रात्री कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. कम्युनिस्ट पक्षाचे परळचे आमदार, १९६७ साली निवडून आलेले, गिरणी कामगारांचा हक्काचा माणूस. तिथे कुबडीत लपवलेली बंदूक नव्हती. अंधार होता आणि धारदार शस्त्रे होती. आरोप शिवसेनेच्या कार्यकर्त्यांवर आला, काहींना शिक्षाही झाल्या. आरोपी कोण होते? परदेशी नव्हते, याच वस्तीतली तरुण पोरे होती. त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. कॉम्रेडच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, हरल्या, आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून विधानसभेत गेले. एका खुनानंतर गिरणगावच्या राजकारणाची दिशाच पालटली. लाल बावट्याचा बालेकिल्ला ढासळायला तिथून सुरुवात झाली.

१० जानेवारी १९७४. त्याआधी पाच दिवस वरळीच्या बीडीडी चाळीत दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला होता आणि दंगल पेटली होती. मध्य दक्षिण मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक तोंडावर होती आणि पँथरने बहिष्काराची हाक दिली होती. हल्ल्याच्या निषेधाचा मोर्चा परळ भागातून जात असताना वरून दगड आला आणि भागवत जाधव हा पँथर जागीच कोसळला. ना पासपोर्ट, ना दुर्बीण, ना कलिंगडावर सराव. इमारतीवरून एक दगड. इतका साधा खून की त्यावर थरारक कादंबरी लिहायला कोणाला सामग्रीच मिळू नये! सरकारने भस्मे आयोग नेमला. पुढे काय झाले हे ज्यांना आठवते ते आता सत्तरी ओलांडलेले लोक आहेत.

आता दादरला या. गांधीजींवर २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत पहिला प्रयत्न झाला, बॉम्ब फुटला, मदनलाल पाहवा पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी माटुंग्याच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून मदनलालने आपल्याला जे सांगितले होते ते सगळे सांगितले. म्हणजे माहिती सरकारच्या दारात चालत आली होती. तरीही नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईत परतले, इथल्या हॉटेलांत राहिले, विमानाने पुन्हा दिल्लीला गेले आणि ३० जानेवारीला गांधींचा खून झाला. फोर्सिथच्या कादंबरीत कमिसेर लेबेल एका टोपणनावावरून अख्खा युरोप जागा करतो. आमच्याकडे दहा दिवस हातात होते. तपासातल्या हलगर्जीपणावर पुढे कपूर आयोगाने बोट ठेवले, पण तोवर १९६९ साल उजाडले होते.

आणि खुन्याला आम्ही काय दिले? रंगमंच दिला! ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे नाटक १९९८ साली आले, सरकारने बंद पाडले, न्यायालयाच्या निकालाने परत आले. बंदीचा मी समर्थक नाही. ज्यांच्या साहित्यावर शतकानुशतके बंदी होती त्या समाजाने बंदीची मागणी करताना दहा वेळा विचार करावा. पण टाळ्या कोणासाठी पडत होत्या, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे. खुन्याला भाषण मिळते, मेलेल्याला फोटोवरचा हार मिळतो. हा हिशोब कोणी मांडायचा?

कोणी म्हणेल, गांधींचा पुळका आंबेडकरी माणसाला कधीपासून? पुळक्याचा प्रश्नच नाही. पुणे कराराची जखम आम्ही विसरलेलो नाही. पण बाबासाहेब गांधींशी लढले ते गोलमेज परिषदेत, पुस्तकांतून, भर सभेत. युक्तिवादाने लढले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी रक्तपाताचा मार्ग सोडा असे देशाला बजावले. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते तो गोळी झाडतो. ज्याच्याकडे सत्य असते तो ग्रंथ लिहितो.

ही जुनी गोष्ट आहे असेही समजू नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार? तो कोणत्याही पानावर सापडला नाही. कादंबरीत जॅकलचे खरे नाव शेवटपर्यंत कळत नाही, पण त्याला सुपारी कोणी दिली हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. आमच्याकडे नेमके उलटे! पिस्तूल धरणाऱ्या हाताचे नाव कळते, आदेश देणाऱ्या तोंडाचे कळत नाही.

राजकीय खुनाच्या कटाची एक फार जुनी कथा आपल्याच ग्रंथात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती आहे. देवदत्ताला संघाचे नेतृत्व हवे होते. त्याने तथागतांना मारायला एक माणूस पाठवला. तो परत येताना त्याला संपवायला दोघे, त्या दोघांना संपवायला चौघे, मग आठ, मग सोळा. पुरावाच उरू नये! अडीच हजार वर्षांपूर्वीचा सूत्रधारसुद्धा आजच्याइतकाच हुशार होता. पण पहिला माणूस बुद्धांसमोर गेला आणि थरथरू लागला. भिऊ नकोस, ये, असे तथागत म्हणाले. त्याने शस्त्र खाली ठेवले, कबुली दिली, शरण गेला. बुद्धांनी त्याला दुसऱ्या वाटेने परत पाठवले, म्हणजे त्याचाही जीव वाचवला. त्याची वाट पाहणारे एकामागून एक आले, तेही धम्म ऐकून बदलले. साखळी तुटली. मग देवदत्ताने गृध्रकूटावरून दगड लोटला. तथागतांच्या पायाला जखम झाली.

उंचावरून लोटलेला दगड. परळ आठवले ना?

जॅकल वाचू नका, असे मी त्या मुलांना सांगणार नाही. वाचा, जरूर वाचा. पण मारेकऱ्याने कसे मारले एवढ्यावर थांबू नका. कोणी पाठवले, कोणाचा फायदा झाला, मेला तो कशासाठी जगत होता, हेही विचारा. नेम धरणारा हात बहुतेक वेळा आपल्यासारख्याच चाळीतल्या पोराचा असतो आणि जन्मठेपही तोच भोगतो. त्या पहिल्या माणसासारखे शस्त्र खाली ठेवायला त्याला कोणी तरी वेळेवर सांगायला हवे.

पुढची बैठक मी काकांना विचारून ठरवली आहे. १० जानेवारीला. पुस्तक कोणतेही आणायचे नाही. ज्यांनी तो मोर्चा पाहिला त्यांनी बोलायचे आणि मुलांनी लिहून घ्यायचे.