पाइपाला वळण लावताना

मुलांनो, वळण लावणं हे फक्त आईबाबांचं आणि आम्हा शिक्षकांचंच काम आहे असं तुम्हाला वाटतं ना? वायरमनकाकांनाही ते करावं लागतं बरं का! त्यांचा विद्यार्थी असतो दहा फुटी, ताठ मानेचा पीव्हीसी पाइप.

बीड जिल्ह्यातली आमची परळी दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. एक वैजनाथाचं देऊळ आणि दुसरी वीज. १९७१ सालापासून इथे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं. वीज म्हटलं की इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर ती उंच धुराडी येतात. पण तारांवरून, खांबांवरून वीज घरात आली, की शेवटचा प्रवास ती बोटभर जाडीच्या पाइपातून, भिंतीच्या पोटातून करते. तिथे ती कुणाला दिसत नाही. घोटाळा होतो तो तिथेच.

आमच्या शाळेजवळ एका घराचं काम चाललं होतं. स्लॅब झाला, गिलावा झाला, रंगसुद्धा झाला. मग वायर ओढायला घेतली, तर एका कोपऱ्यात ती अडली ती अडलीच. शेवटी छिन्नी-हातोडा आणून भिंत फोडली. आत पाहतो तो पाइप चेपलेला! शीतपेयाची स्ट्रॉ दुमडल्यावर होते ना, अगदी तस्साच. कुणीतरी घाईघाईत नुसत्या हातानं तो वाकवला होता.

भिंत फुटली हे नुकसान तसं लहानच. ती वायर जोर लावून ओढली असती, तर चेपलेल्या जागी घासून तिच्यावरचं आवरण सोललं असतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, की तिला हात लावणाऱ्याला शॉक! घरातली वीज २३० व्होल्टची असते. माणसाचा जीव घ्यायला तेवढी पुरते.

पण पाइप चेपतो का? थोडं गणित करू. पाइप आहे २५ मिलिमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीचा. त्याला काटकोनात वळवायचंय. काटकोनाचं वळण म्हणजे पाव वर्तुळ. आतल्या बाजूची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर ठेवली, तर बाहेरच्या बाजूची झाली दहा. परिघाचं सूत्र लावून पाहा. आतली कड भरते ११.८ सेंटिमीटर आणि बाहेरची १५.७. पाइप सरळ होता तेव्हा दोन्ही कडा सारख्याच होत्या! म्हणजे बाहेरची कड ताणली गेली आणि आतली दाबली गेली.

आता वळण आखूड घेऊ. आतली त्रिज्या अडीच सेंटिमीटरच ठेवू. आतली कड ३.९, बाहेरची ७.९. चक्क दुप्पट! गंमत अशी, की दोन्ही वेळा फरक जवळजवळ चार सेंटिमीटरचाच आहे. मोठ्या वळणात तो लांबवर वाटला जातो, आखूड वळणात थोड्याशा जागेवर सगळा भार पडतो. पाइप आतून पोकळ, त्याला आधार कुणाचा? मग भिंत आत बसते. म्हणूनच वायरिंगच्या नियमांत वळणाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नको असं सांगितलेलं असतं.

आधार द्यायला वायरमनकाका पाइपात एक लांब स्प्रिंग घालतात. २० मिलिमीटरच्या पाइपाची स्प्रिंग वेगळी, २५ ची वेगळी. सैल स्प्रिंग काही कामाची नाही. वळण मधोमध हवं असेल तर स्प्रिंगला दोरी बांधतात, नाहीतर ती आतच राहायची! मग पाइप गुडघ्यावर टेकवून सावकाश वाकवायचा, तोही हवा त्यापेक्षा किंचित जास्त, कारण सोडल्यावर तो थोडा परत उलगडतो. स्प्रिंग निघेना तर हिसडे मारायचे नाहीत. जिकडे पिळल्यावर ती बारीक होते तिकडे पिळायची, की येते बाहेर.

हवेचाही यात हात असतो. परळीच्या मे महिन्यात पाइप आपणहून नरम असतो. थंडीतल्या सकाळी मात्र तोच कडक होतो. वाकवला तर पांढरा पडतो, कधी तडकतो. अशा वेळी फडक्यानं खसाखसा घासून तो ऊबदार करतात. काहीजण सरळ जाळावर धरतात. ते मला मुळीच पटत नाही. पाइप एका जागी करपतो, फुगतो आणि पीव्हीसी जळल्यावर निघणारा तिखट वायू छातीत जातो तो वेगळाच.

पोकळ नळीला आतून आधार द्यायची ही युक्ती दुसरीकडेही चालते. वरातीच्या बँडमधली ट्रम्पेट आठवा. पितळेची सरळ नळी वळवताना कारागीर तिच्यात डांबरासारखी राळ भरतात, किंवा साबणाचं पाणी भरून त्याचा बर्फ करतात. वळण झालं की वितळवून काढून टाकायचं.

अमेरिकेतल्या जोसेफ फ्रीडमन यांनी उलटी वाट धरली. आपल्या छोट्या मुलीला मिल्कशेक सरळ स्ट्रॉनं पिता येईना, हे पाहून त्यांनी स्ट्रॉमध्ये स्क्रू घातला, वरून दोरा गुंडाळून चुण्या पाडल्या. स्ट्रॉ न चेपता वाकू लागली! १९३७ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. चुण्याचुण्यांचा लवचीक पाइप वायरमनकाकांकडेही असतो.

तुम्हीही करून पाहा. दोन साध्या स्ट्रॉ घ्या. एकीत कोरडं बारीक मीठ ठासून भरा, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन्ही सावकाश वाकवा. आधी कोणती दुमडते ते पाहा. घरातल्या बोर्डाला आणि वायरला मात्र हात लावायचा नाही हं!

त्या फुटलेल्या भिंतीत वायरमनकाकांनी नवा पाइप बसवला, चांगला ऐसपैस वळणाचा. आमची चौथीतली पोरं दुसऱ्या टोकाला डोळे लावून बसली होती. काकांनी वायर सारली आणि आतल्या खोलीतून एकच गलका झाला, "आली, आली!"