सर्व्हरमध्ये रॅम ६४ जीबी, दिसते ३२च?

वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसीत लॅमिंग्टन रोडवरचे जुने सर्व्हर वापरणाऱ्यांनो, नवी रॅम घ्यायची घाई करू नका! आधी बायोस उघडा. तिथे ६४ दिसत असेल तर अडवतंय विंडोज: सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड ३२ जीबीच्या वर जातच नाही. बायोसमध्येही कमी? मग दुसरा प्रोसेसर बसवलाय का बघा. दोन सॉकेटच्या बोर्डवर तो नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट बंदच राहतात. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मेमरी मिररिंग चालू असेल तरी निम्मी रॅम वापरता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात रॅमच्या कॉन्टॅक्टवर थर बसतो. वीज पूर्ण काढून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही जमलं नाही, तर प्रोसेसर काढून सॉकेटमधली एखादी पिन वाकलीय का, टॉर्च मारून नीट बघा.